व्हॅनचं इंजिन बसवावं की नाही

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या डाव्या अंगाला, सातव्या खांबाशेजारी एक विलायती गाडी उभी असते. दोन दारं, दोन सीटा, वरचा कापडी टप मागे दुमडता येतो, आणि रंग एके काळी हिरवा होता. माझ्या यजमानांची गाडी. डोंबिवलीत स्पोर्ट्स कार कशाला, असं आजवर मला किती जणांनी विचारलं असेल त्याची गणती नाही. मानपाड्याच्या रस्त्यावर तिचा वेग रिक्षाइतकाच. लग्नानंतर सातव्या वर्षी ह्यांनी ती भंगारात निघालेली उचलून आणली, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. "चालवायला कोण आणतंय, ऐकायला आणलीय," असं हे म्हणाले. मला तो वेडेपणा वाटला आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

हे इथल्याच एका कारखान्यात देखभाल विभागात होते. यंत्र बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांचं साऱ्या आयुष्याचं शहाणपण. घरातला मिक्सर, बाथरूममधला गीझर, शेजाऱ्यांचा पंखा, कुणालाही त्यांच्या कानापासून सुटका नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे मला बोलायची सवय. गाडीत बसले की मी बोलू लागे, आणि मध्येच ह्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट स्टिअरिंगवरून उभं राही. म्हणजे थांब, ऐकू दे. माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं ती हकीकत सांगत होते तेव्हाही बोट उभं राहिलं होतं. त्यावर मी घरी पोचेपर्यंत बोलले नाही, आणि ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताकरता हे आरशासमोर कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं किती, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. डावा हात धड होता, पण तोही ते वापरत नसत. चमचा हातात दिला तर धरायचे, तोंडाकडे न्यायचं मनावर घ्यायचे नाहीत. मी समोर बसून बोलायचे तेव्हा माझ्याकडे बघायचे, पण भिंतीकडे बघावं तसे.

सुरुवातीचे तीन-चार महिने मी रडले. मग रडणं बंद झालं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बंद झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो, गाल जागेवर असतो, पण आपला लागत नाही. तसं माझं सगळ्याच बाबतीत झालं. दिवाळी आली, गेली. बहीण येऊन राहिली, गेली. तिने जाताना मिठी मारली, तेव्हा गॅसवर दूध ठेवलंय का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा एक मुलगी कळव्याहून स्कूटरवर यायची. कामाला चोख, बोलायला गोड. ह्यांची बोटं एकेक करून वाकवताना तिने एकदा विचारलं, "काकू, काकांना कसली आवड होती? गाणी वगैरे?" मी गाडीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग ऐकवा ना त्यांना गाडी. काही रिस्पॉन्स आला तर मला सांगा."

गाडी तेव्हा सात-आठ महिने नुसती उभी होती. मानपाड्याचा आमचा मेकॅनिक येऊन बॅटरी चार्ज करून गेला. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी ह्यांना व्हीलचेअरवर बसवून लिफ्टने खाली आणलं, सातव्या खांबाशी नेलं, चेअरचा ब्रेक लावला आणि गाडीत बसले. चोक ओढायचा, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, मग चावी. हे मला ह्यांनीच शिकवलेलं. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू झालं. काही वेळाने मी वळून बघितलं. ह्यांचा उजवा हात मांडीवर होता, आणि पहिल्या बोटाचं टोक हलत होतं.

फिजिओच्या मुलीला सांगितलं तर ती आनंदाने जागची उठली. उजवं बोट म्हणजे फार चांगलं लक्षण, असं म्हणाली. तिच्या वहीत तिने त्या दिवसापासून एक वेगळं पान केलं. पहिला आठवडा, टोक हललं. पाचवा आठवडा, पहिलं पेर उचललं. तिसऱ्या महिन्यात अख्खं बोट मांडीवरून वर उठलं आणि तसंच राहिलं. "काकू, वेळ वाढवा," ती म्हणाली. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. रविवारी सकाळी मी सगळं आवरून पावणेदहालाच तयार असायचे. मला आनंद व्हायचा असं म्हणता येणार नाही. पण बोट वर आलं की मी घड्याळ बघायचे आणि किती मिनिटांनी आलं ते लक्षात ठेवायचे. आठवड्यातली तेवढीच गोष्ट मी लक्षात ठेवत होते.

मधे सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लिहिलं की पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पडतात, संबंधितांनी लक्ष द्यावं. संबंधित मीच. मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून इंजिनाखाली सरकवला. महिन्याभरात तो काळा झाला की काढून नवा ठेवायचे. लादी स्वच्छ राहिली. सेक्रेटरी भेटले तेव्हा थँक यू म्हणाले.

मग एका रविवारी, बहुतेक सतराव्या मिनिटाला, इंजिनाच्या आतून कुणी हातोडी मारावी तसे पाच-सहा ठोके आले आणि गाडी एक गचका देऊन बंद पडली. परत चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. मी उतरून ह्यांच्याकडे बघितलं. बोट अजून वर होतं. इंजिन बंद पडून मिनिट झालं तरी वरच होतं. मी ते धरून खाली केलं आणि त्यांना घरी घेऊन गेले, कारण वरणाचा कुकर लावायचा होता.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी गाडी दोराने ओढून नेली. आठवड्याने त्याचा फोन आला. "वहिनी, खरं सांगू? हे इंजिन आता सोडा. माझ्याकडे एक व्हॅन आलेली आहे, मागून ट्रकने ठोकलेली. मागचं पार चेपलंय, पण इंजिन एकदम मक्खन. बाराशे सीसी. साहेबांचं साडेनऊशे. ताकद डबल होईल. चोक नाय, काय नाय, चावी फिरवली की चालू."

ही गोष्ट नवी नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं ठाण्याला चाललो होतो. शीळफाट्यापुढच्या चढावर गाडी तापली आणि बसली. मागे ट्रकांची रांग, भोंगे, आणि मी कडेला दुपट्टा डोक्यावर घेऊन उभी. तेव्हा ह्याच मेकॅनिकने येऊन सांगितलं होतं की साहेब, मोठं इंजिन टाकू, दोन माणसं घेऊन चढायची हिच्यात धमक नाही. हे म्हणाले होते, "ह्याचं बोलणं कळायला मला वीस वर्षं लागली. आता नव्याशी कुठे ओळख करत बसू?" मी तेव्हा मेकॅनिकच्या बाजूने होते. उन्हात मी उभी होते, हे नव्हते. हे बॉनेटमध्ये डोकं घालून होते.

आता विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. विचारपूर्वक म्हटलं असं नाही. गाडी चालू होणार होती, रविवार भरणार होता, बस. व्हॅनचं तर व्हॅनचं. शाळेची मुलं आणि कोथिंबिरीच्या जुड्या वाहणारं इंजिन विलायती गाडीत बसणार, याचंही मला काही वाटलं नाही. एरवी मी त्यावरून ह्यांना महिनाभर चिडवलं असतं.

इंजिन बदललं की गाडीच्या पुस्तकात त्याचा नंबर बदलावा लागतो, त्याला आरटीओचा अर्ज, आणि अर्जावर मालकाची सही. सही होत नाही, तर अंगठा. पुरुषाचा डावा अंगठा चालतो, नव्हे, डावाच लागतो, असं मेकॅनिक म्हणाला. मी बरं म्हटलं. शाईचं पॅड आणलं, ह्यांच्यासमोर पाट ठेवला, त्यावर अर्ज ठेवला.

"अहो, गाडीला व्हॅनचं इंजिन बसवतोय. बाराशेचं. चालेल ना?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचा अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला. ह्यांनी ओढून घेतला नाही, पुढेही केला नाही. ठेवला तिथे राहिला. पुसायचं मी विसरले, आणि दुपारी भरवताना त्यांचा जांभळा अंगठा ताटाच्या कडेला टेकलेला दिसला.

अर्ज द्यायला मी रिक्षाने मानपाड्याला गेले. गॅरेजमध्ये आमची गाडी बॉनेट काढून उभी होती आणि इंजिन खाली फळ्यांवर उघडून ठेवलेलं होतं. व्हॅनचं इंजिन बाजूला, धुऊनपुसून तयार. मेकॅनिकने मला स्टूल दिलं आणि एका थाळीतून पत्र्याचे दोन वाकडे तुकडे उचलून दाखवले, फुटलेल्या पाटलीचे अर्धे भाग असावेत तसे.

"हे बेअरिंग. वरचा थर सगळा खाल्ला गेला, आतलं तांबं दिसतंय बघा. ऑइलच नव्हतं वहिनी. आत बुडवायच्या डिपस्टिकलाही लागत नव्हतं. गळत असणार."

"गळत होतं," मी म्हटलं. "मी पुठ्ठा ठेवायचे."

"पुठ्ठा ठेवलात ते बरं केलंत, पण वरून ऑइल टाकायला पाहिजे होतं ना." हे तो अगदी सांभाळून बोलला. मग तुकडा बोटांत फिरवत म्हणाला, "आणि असं एका दिवसात नाय होत. आधी बारीक वाजतं. मग दर आठवड्याला वाढत जातं. तीन-चार महिने तरी वाजत असणार. कोणालाच ऐकू नाय आलं?"

मला त्या मुलीची वही दिसत होती. पहिला आठवडा, टोक हललं. पाचवा आठवडा, पहिलं पेर. तिसरा महिना, अख्खं बोट. इंजिन जसजसं जास्त वाजत गेलं तसतसं बोट वर येत गेलं. थांब, ऐकू दे. तीस वर्षं जे बोट मला गप्प करत आलं होतं ते मी ओळखलं नाही. मी घड्याळ लावून मिनिटं मोजली, आणि ते थांब म्हणतायत म्हणून वेळ वाढवत गेले.

"ऐकू आलं होतं," मी शेवटी म्हटलं. "साहेबांना आलं होतं."

मेकॅनिकने ते तुकडे फडक्यात गुंडाळले.

अर्ज पर्समध्ये होता, मी तो काढला नाही. व्हॅनचं इंजिन ह्यांच्या ओळखीचं नव्हतं. ते बसवलं तर गाडी छान चालली असती, आणि त्यात काही बिघडलं असतं तर ह्यांना कळलंच असतं असं नाही. जुनं होतं ते ह्यांना तोंडपाठ होतं. एवढं मला चटकन कळलं. पण त्यामागून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती जास्त वाईट होती. बोट वर येत होतं ते इंजिन बिघडलेलं होतं म्हणून. जुनंच नीट केलं, तरी ते येणार नव्हतं.

"जुनंच दुरुस्त करायचं म्हटलं तर?" मी विचारलं.

"होईल. क्रँक घासून घ्यायचा, बेअरिंग मिळाले तर मिळाले, नायतर लेथवर बनवायचे. तीनेक महिने धरा. पण वहिनी, साडेनऊशे ते साडेनऊशेच राहणार. शीळफाट्याचा चढ नाय चढणार."

"चढ कुणाला चढायचाय," मी म्हटलं. मग इकडेतिकडे बघून म्हटलं, "आणि अगदी नीट नाही झालं तरी चालेल. थोडा आवाज राहू दे."

त्याला वाटलं मी खर्चाचं बोलतेय. नाही म्हटल्यावर मात्र तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आवाज ठेवून मी इंजिन बांधत नाय," तो म्हणाला. "साहेबांनी ऐकलं तर परत दारात उभं नाय करणार मला."

मला लाज वाटली. कान गरम झाले. कित्येक महिन्यांत मला मनापासून वाटलेली ती पहिली गोष्ट, म्हणून नीट आठवते. बरं, नीटच कर, असं म्हणून मी उठले. अंगठ्याचा अर्ज अजून माझ्या पर्सच्या मागच्या कप्प्यात आहे, घडी घातलेला. व्हॅनचं इंजिन पुढे एका कॅटरिंगवाल्याच्या गाडीत गेलं.

तीनाचे चार महिने झाले. रविवारी मी ह्यांना तरीही खाली नेत असे. सातव्या खांबाशी कुणीतरी स्कूटर लावू लागलं होतं, ती बाजूला करून आम्ही तिथे वीस मिनिटं बसायचो. बोट हलत नसे. ती मुलगी वही चाळून म्हणायची की काकू, प्रोग्रेस थांबलाय, आणि स्वतःचंच काही चुकल्यासारखा चेहरा करायची. तिला खरं सांगणं मला जमलं नाही. एवढ्या लांबून येत होती, आणि त्या पानावर तिचा फार जीव होता.

गाडी आली तेव्हा मेकॅनिकने मला समोर उभं करून डिपस्टिक बघायला शिकवलं. दोन खुणांच्या मधे ऑइल पाहिजे. रविवारी मी ती बाहेर काढली, पुसली, परत घालून काढली आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "बघा, आहे," म्हटलं. हे डिपस्टिककडे बघत होते की माझ्या हाताकडे, ते कळलं नाही.

चोक, दोनदा ॲक्सिलरेटर, चावी. पहिल्याच झटक्यात चालू झालं. मी बॉनेट उघडं ठेवलं होतं, कारण आता मलाही ऐकायचं होतं. चार महिने मी घरात फ्रिज, मिक्सर, लिफ्ट असं सगळं कान देऊन ऐकत होते. फारसं काही कळत नव्हतं, पण ऐकत होते. हे इंजिन एका लयीत चालत होतं आणि मधे कुठे काही खुपत नव्हतं. मेकॅनिकने शब्द पाळला होता.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. ह्यांचा हात मांडीवर, बोट मांडीवर.

ह्यांचं पहिल्यापासून हे असंच. आमटीत मीठ कमी पडलं तर सांगायचे, बरोबर असलं तर मुकाट्याने जेवायचे. चांगलं झालंय हे मला सगळी वर्षं नुसतं समजून घ्यावं लागलं. पण तेव्हा समोर माणूस आहे हे तरी ठाऊक असायचं. आता मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि इंजिन ठीक आहे म्हणून ते गप्प आहेत की आत कुणी उरलेलंच नाही, हे मला सांगता येत नव्हतं. दोन्हींचा चेहरा एकच.

मी गाडीच्या पुढे गेले. उघड्या बॉनेटमुळे माझे हात त्यांना दिसत नव्हते. इंजिनावर चार प्लग असतात, प्रत्येकाला एक वायर, वायरीच्या टोकाला कॅप. एक कॅप उपटली की इंजिन लंगडायला लागतं. हेही मला ह्यांनीच एकदा दाखवलं होतं, मी नको नको म्हणत असताना. मी हाताला जाड फडकं गुंडाळलं आणि तिसरी कॅप ओढून काढली.

इंजिन लंगडलं. अख्खी गाडी थरथरायला लागली. मी बॉनेटच्या आडून डोकं बाहेर काढलं.

बोट वर होतं. हळूहळू आलेलं नव्हतं, ताडकन आलेलं होतं. मी बघत राहिले. कॅप माझ्या हातात, फडक्यात. मग ते बोट कापत कापत पुढे वाकलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. इंजिनावर नाही, माझ्यावर. ह्यांच्या तोंडाची उजवी बाजू लुळी आहे, पण कपाळ शाबूत आहे, आणि त्यावर आठी होती. ती आठी मी चांगली ओळखते. कुणी कशाला हात लावलाय ते कळलंय, असा तिचा अर्थ.

"लावते, लावते," मी म्हटलं. "ओरडू नका."

कॅप परत दाबून बसवली. इंजिन सरळ झालं. बोट खाली आलं, मांडीवर पडलं, आठी गेली. मी बॉनेटला धरून तिथेच उभी राहिले आणि रडायला लागले, तोंडात पदराचा बोळा घालून, कारण वरच्या मजल्यावरचे लोक रविवारी गॅलरीत पेपर वाचत बसतात. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल. ह्यांना गेलं असेल.